तीस वजा

बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी प्रश्नपत्रिका काढत बसले होते. विषय नेहमीचाच, मानवी भूगोलातल्या संशोधन पद्धती. 'नीलेश गेला. आज पहाटे मार्केटात, काट्यासमोरच. हार्ट अटॅक.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि मध्येच कुणीतरी विचारलं, 'कोण नीलेश? तो अर्धवट सोडून गेलेला?' हो, तोच. मी फोन उलटा ठेवला आणि चौथा प्रश्न लिहून पूर्ण केला. सांगायला लाज वाटते, पण लिहायचंच ठरवलंय तर खरं लिहिते. प्रश्न होता : क्षेत्रकार्यात माहिती देणाऱ्याप्रति संशोधकाची जबाबदारी स्पष्ट करा.

एम.ए.ला आमचे रोल नंबर शेजारी, म्हणून क्षेत्रकार्याला आमचा दोघांचा गट पडला. मी कामोठ्याची. वडील साताऱ्याकडून नोकरीला आलेले, सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर घर. तो खाडीकाठच्या गावातला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एवढं तरी आता शिकले. नीलेशचं नाव मात्र त्याच्या बायकोला विचारून लिहिते आहे. त्याच्या आजोबांची भातखाचरं नव्या शहरासाठी सरकारी संपादनात गेली होती. मी गावाला 'अभ्यासक्षेत्र' म्हणायचे तेव्हा तो खदखदून हसायचा. "अगं, तुझ्या अभ्यासक्षेत्रात माझी काकी बोंबील वाळवते."

आमच्या खात्याची एक मोजायची फीत होती, तीस मीटरची. तिचं टोक कधीकाळी तुटलेलं, पहिले तीस सेंटिमीटर गायब. नवी मागवायचा अर्ज वर्षानुवर्षं कुठल्यातरी टेबलावर पडून. मग तिसाचा आकडा भिंतीला टेकवायचा आणि आलेल्या मापातून तीस वजा करायचे. टोक धरायला नीलेश, आकडा वाचायला मी. मी माप ओरडलं की पलीकडून त्याचा आवाज यायचाच, "तीस वजा!" एकदाही विसरला नाही. पुढे पुढे मी कँटीनमध्ये काही फुशारकी मारली तरी चहाच्या ग्लासामागून बारीक आवाजात यायचं, "तीस वजा..." आणि मी वही फेकून मारायचे.

आमचा विषय होता गावातली घरं कशी वाढत गेली. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की माणसांशी बोला, त्यांना आठवेल तसा गावाचा नकाशा त्यांच्याच हातानं काढून घ्या, नावं लिहू नका, नुसते क्रमांक द्या. पण मला तेवढ्यावर समाधान नव्हतं. मला पहिलं यायचं होतं. प्रत्येक घराची लांबी-रुंदी, मागची खोली कोणत्या वर्षी काढली, वरचा मजला कधी चढवला, सगळं मापासकट हवं होतं. नीलेश दोन दिवस टाळत राहिला. शेवटी म्हणाला, "मापं नको ना घेऊ. पोरांची लग्नं झाली तशी लोकांनी गरजेला खोल्या काढल्यात. कागद कुणाकडेच नाहीत." मी फणकाऱ्यानं म्हटलं, "नावं कुठे घालतोय आपण? घर क्रमांक सात म्हणजे कुणाचं, कुणाला कळणार आहे?" नकाशावर घर आहे तिथेच दिसतं, त्याला नावाची गरज नसते, हे भूगोलाच्या पोरीला कळू नये! अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

घर क्रमांक सात त्याच्या काकीचं. आई लहानपणीच गेलेली, काकीनंच त्याला वाढवलं. मागची खोली तिनं मुलाच्या लग्नाच्या वेळी काढली होती. मी अंगणात आकडे वाचत होते, नीलेश भिंतीशी टोक धरून, आणि ती आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मग त्यानं तिला संमतिपत्र वाचून दाखवलं : या माहितीमुळे मला कोणताही त्रास होणार नाही, हे मला समजावून सांगण्यात आलं आहे. काकीनं त्याला मध्येच थांबवलं. "तू आनलंस ना? मंग वाचतस कनाला?" आणि तिनं अंगठा पुढे केला.

नकाशा देखणा झाला. जुनी घरं पिवळी, नंतरच्या खोल्या लाल, प्रत्येक लाल चौकोनात वर्ष आणि क्षेत्रफळ. खात्याच्या प्रदर्शनात तो दर्शनी भिंतीवर लागला. पाहुणे आले, वाहवा झाली, लोकांनी फोटो काढले. मीही नकाशाशेजारी उभी राहून काढून घेतला. दोनेक महिन्यांत गावातल्या सहा घरांना बेकायदा बांधकामाच्या नोटिसा आल्या. सहाही आमच्या नकाशातली, सहाही लाल खोल्यांची. काकीची मागची खोली पाडापाडीच्या पहिल्याच दिवशी गेली. सून तान्हं मूल घेऊन समोरच्या ओट्यावर बसून होती, असं नीलेशनं सांगितलं. मी बघायला गेले नव्हते.

त्यानंतर कँटीनमध्ये तो समोर बसला होता, चहाला हात न लावता. मी घाईघाईनं बोलत सुटले. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे आपण शिकलोय, नोटिसा अशाही आल्याच असत्या, पुरावा काय... त्यानं सगळं ऐकून घेतलं. या वेळी 'तीस वजा' म्हणाला नाही. "हे काकीला समजावशील येऊन?" एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं, तोंडी परीक्षा झाली की येते. तोवर गावात त्यानं सांगून टाकलं होतं की मोजमाप त्याचं, नकाशा त्याचा. त्या दिवसापासून काकी त्याच्याशी बोलायची थांबली. तो तोंडी परीक्षेला आला नाही. मी पहिली आले. गावात गेले नाही, आणि त्याच कॉलेजात तोच विषय शिकवायला लागले. बारा वर्षं तो नकाशा माझ्या वर्गात लावलेला होता, उत्तम क्षेत्रकार्याचा नमुना म्हणून.

मधल्या काळात तो एकदाच भेटला. वर्गातल्या मुलांना घेऊन मी एपीएमसी मार्केट दाखवायला गेले होते, तर कांद्याच्या गाळ्यावर काट्यासमोर नीलेश! मापाडी झाला होता, दिवसभर गोण्या तोलायच्या. केस पिकलेले, गाल बसलेले. "मापंच घेतो अजून," तो हसून म्हणाला, "पण कांद्याचं घर नसतं, ते बरं आहे." मी विचारलं, काकी बोलते का? त्यानं नकारार्थी मान हलवली. "दोन घरांच्या मधे एकच भिंत आहे. खोकली तरी ऐकू येतं." मुलं पुढे गेली होती. मी, येते रे, म्हटलं आणि निघाले.

दहाव्याला गेले. बारा वर्षांनी त्या अंगणात. मागच्या खोलीच्या जागी नुसता चौथरा होता, त्यावर भांडी पालथी घातलेली. काकी भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि एवढी वर्षं गिळलेलं वाक्य एका दमात बोलले, "काकी, त्यानं नाही मोजलं. तो नको म्हणत होता. मी मोजलं."

"मना म्हाईत हाय. मी पानी घेऊन हितंच उभी व्हते. आंधली हाय का मी?"

"मग... त्याच्याशी का नाही बोललात?"

"राग आपल्या मानसावर धरतान, बाय. तू आमची कोन?"

आवाज जराही चढला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग ती स्वतःशीच म्हणाली, "उद्या बोलन, उद्या बोलन, म्हनत ऱ्हायले..." आणि पदर तोंडात धरला. तिच्या पाठीवर हात ठेवायचा माझा हक्क नव्हता. मी उठले.

परवा नव्या वर्गाचा पहिला तास होता. भिंतीवरून नकाशा उतरवला, टेबलावर पसरला आणि पोरांना सगळं सांगितलं, गावाचं नाव सोडून. कपाटातली फीतही काढली. टोक अजून तुटलेलंच आहे. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. वहीत उतरवून घ्यायला पेन तयार होतं.

"पण मॅडम, नकाशा बरोबर होता ना?"

"बरोबर होता," मी म्हटलं. "एका सेंटिमीटरनंही चुकला नव्हता. तीस वजा करायला तो कधी विसरला नाही."