गिरणी ओढणारी गाडी

आमची गिरणी चाकांवर आहे. दोन चाकांच्या लोखंडी ट्रॉलीवर धान भरडायची लहान मशीन, चाळणी आणि मोटर बसवलेली, वर पत्र्याचं छप्पर. गेली सहा वर्षं मी आणि माझा नवरा ती घेऊन मध्य प्रदेशात वारासिवनीपासून तिरोडीकडच्या गावांपर्यंत फिरतो. कुणाच्या तरी दारात ट्रॉली उभी करायची, त्यांच्याच घरातून विजेची तार घ्यायची आणि लोकांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या धानाचा तांदूळ काढून द्यायचा. बायकांना हे फार पटतं. मोठ्या गिरणीत पाठवलेलं धान आणि घरी आलेला तांदूळ यांचं काही नातं आहे की नाही, ही शंका त्यांच्या मनातून कधी जात नाही.

ट्रॉली ओढायला आम्ही भाड्याचा ट्रॅक्टर घ्यायचो. त्याची बॅटरी इतकी मेलेली होती की एकदा सुरू झाला की मालक तो दिवसभर बंद करत नसे. गिरणीच्या शेजारी उभा राहून तो आपला धूर सोडत राहायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती.

एका हिवाळ्यात कटंगीकडच्या एका गावात एका काकूंनी आमच्याकडून दोन कट्टे, म्हणजे दोन पोती, चिन्नोर काढून घेतला. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा सुवासाचा तांदूळ. एका घरी शिजला की चार घरांना कळतं. दुसऱ्या दिवशी त्याच गावात आमचं काम चालू होतं, तर काकूंनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. पानात गरम भात वाढला आणि समोर बसून राहिल्या. मी पहिला घास घेतला आणि माझी मान आपोआप खाली गेली.

"सांग बाई, कायचा वास येऊन राह्यला?" त्यांनी विचारलं.

"ट्रॅक्टरचा," मी म्हटलं.

"मले वाटलं माह्यंच नाक बिघडलं," त्या म्हणाल्या, आणि भातावर आणखी वरण घातलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पोटभर जेवून आम्ही उठलो. परतताना, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसल्या बसल्या, मी नवऱ्याला सांगितलं की आता आपली स्वतःची गाडी घ्यायची, आणि ती डिझेलची नको. तो फार बोलणारा माणूस नाही. एवढंच म्हणाला, "चालवशील तूच. मी रोडवर हात नाही लावत." पूर्वी एकदा मोटारसायकलवरून पडल्यापासून त्याने रस्त्यावर काहीही चालवायचं सोडून दिलेलं आहे. मला मात्र चालवण्याची हौस आहे. ट्रॅक्टरवाल्याच्या हातून स्टेअरिंग काढून घ्यायची संधी मी कधी सोडली नाही.

ही बातमी बालाघाटला माझ्या वडिलांना कळली आणि ते दुसऱ्याच दिवशी बसने आले. बाबा सरकारी दफ्तरात बाबू होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण काखेतली फाईल काही सुटली नाही. या वेळी फाईल कोरी होती आणि तिच्यावर त्यांनी टपोऱ्या अक्षरात 'वाहन' असं लिहून आणलं होतं. माझ्या आईच्या मते निवृत्तीनंतर त्यांचा चेहरा इतका टवटवीत तिने पाहिला नव्हता.

आठवडाभरात फाईल फुगली. गॅसवर चालणाऱ्या पिकअप गाड्यांची जितकी माहितीपत्रकं बालाघाटात मिळत होती तितकी त्यांनी जमवली आणि पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. मला एकच साधं वाटत होतं, की गाडीत गॅस असावा आणि तिने गिरणी ओढावी. बाबांनी मला बसवून समजावलं की गाडीच्या पाठीवर किती वजन चढेल ही एक गोष्ट आणि गाडी मागे किती ओढेल ही दुसरी गोष्ट. पाठीवरचं वजन सगळ्यांनी छापलं होतं. ओढायचं एकाही माहितीपत्रकात नव्हतं.

ट्रॉली कशाला, मशीन सरळ गाडीवरच बसवा, असं आम्हाला पुष्कळांनी सुचवलं. पण आमची पद्धत अशी की गिरणी एका गावात दोन-दोन दिवस मुक्कामाला राहते, आणि तेवढ्यात आम्ही तिथला तांदूळ आणि कोंडा वारासिवनीच्या बाजारात पोचवून येतो. गिरणी गाडीला कायमची जखडली तर ते जमायचं नाही. म्हणजे आम्हाला पाठही मजबूत हवी होती आणि ओढही.

बाबांनी एकाच कंपनीच्या दोन गाड्या मनात धरल्या होत्या, एक लहान आणि एक मोठी. दोन्हींसाठी त्यांनी कंपनीला वेगवेगळी पत्रं लिहिली. 'विनम्र निवेदन है कि' अशी सुरुवात असलेली, दोन पानी, हिंदीत. आम्ही दोघं हसलो. तीन आठवड्यांनी दोन्ही पत्रांना उत्तरं आली. कोणता हूक बसवायचा, मागे जास्तीत जास्त किती वजन जोडायचं, आणि हूकची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यायची, हे सगळं त्यात होतं. बाबांनी ती दोन्ही पत्रं आम्हाला उभं राहून वाचून दाखवली.

आता प्रश्न उरला की आमची गिरणी वजनाला किती. नवरा म्हणाला चार क्विंटल. मी म्हटलं पाच. मग तिला वारासिवनीच्या धर्मकाट्यावर नेलं, जिथे धानाचे ट्रक तोलतात. ट्रॅक्टर सोडवून ट्रॉली एकटी काट्यावर उभी केली. काटेवाल्याने पावती दिली, सात क्विंटल चाळीस. नवऱ्याचा चेहरा पडला. सहा वर्षं तो ही ट्रॉली हाताने ढकलून लोकांच्या दारात नेमक्या जागेवर लावत आला होता. तेवढ्यात छपराखालून बाबांचा आवाज आला. मशीनचा नंबर उतरवून घ्यायला ते वर चढले होते आणि उतरायचं विसरले होते.

"साठ किलो कमी करा," बाबा म्हणाले, "जवाईबापू, ते माहे."

काटेवाल्याने ट्रॉली पुन्हा तोलली. सहा क्विंटल ऐंशी. बाबांनी दोन्ही पावत्या फाईलला लावल्या. पहिली कशाला हवी ते मी विचारलं नाही.

त्या कंपनीच्या शोरूममध्ये आमच्या वाट्याला आलेला सेल्समन तरुण आणि गोड बोलणारा होता. तो सगळं हिंदीत आणि सगळं माझ्या नवऱ्याला सांगत होता. नवरा दर वेळी माझ्याकडे हात दाखवायचा, मग तो माझ्याकडे वळायचा आणि पुढच्या वाक्याला पुन्हा त्याच्याकडे. त्याने आम्हाला त्यांतली एक गाडी रिकामी चालवून पाहायला दिली. मी बायपासवर दोन चकरा मारल्या. गाडी अशी पळाली की मला गाणं म्हणावंसं वाटलं, आणि बाबांना मी तसं सांगितलं.

"रिकामी काहून चालवतं?" बाबा म्हणाले. "आपल्याले का रिकामी फिरवाची हाय?"

सेल्समनने सांगितलं की माल भरून कोणी चाचणी घेत नाही. बाबांनी फाईल उघडली आणि कंपनीची पत्रं समोर ठेवली. सेल्समन ती घेऊन आत मॅनेजरकडे गेला. बाहेर आला तेव्हा तो पहिल्यांदा बाबांना सर म्हणाला. दोन्ही गाड्यांना हूक बसवायला त्यांना दोन दिवस लागले.

रविवारी सकाळी दोन्ही गाड्या आमच्या गावात आल्या. ओळखीच्या राईस मिलवाल्याने धानाचे वीस कट्टे दिले. लहान गाडीच्या मागच्या डाल्यातच, म्हणजे माल ठेवायच्या जागेतच, गॅसच्या टाक्या उभ्या होत्या. नवऱ्याने फूटपट्टी मागितली नाही. तो कट्टे आडवे लावत गेला आणि शेवटचे चार जमिनीवरच राहिले. जागा संपली होती. मोठ्या गाडीच्या टाक्या खाली, चेसिसला बांधलेल्या होत्या. तिच्यात वीसही कट्टे बसले आणि वर गिरणीचं सामान ठेवायला जागा राहिली.

खरी परीक्षा गावाबाहेरच्या रपट्यापाशी, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलापाशी होती. नाला ओलांडून रस्ता एकदम वर चढतो. लहान गाडीला गिरणी जोडली, मी बसले, शेजारी सेल्समन. सपाटीवर काही कळलंच नाही की मागे काही आहे. चढाच्या अर्ध्यावर बाबा रस्त्याच्या कडेला उभे होते आणि त्यांनी दफ्तरात शिपायाला थांबवावं तसा हात वर केला. मी ब्रेक दाबला. आता इथून निघून दाखवायचं होतं. मी हँडब्रेक सोडला, क्लच सोडला, आणि गाडी थरथरत हातभर मागे आली. क्लचचा जळका वास सुटला. नवरा दगड घेऊन तयारच होता. त्याने तो चाकामागे सरकवला. ट्रॉली सोडवून आम्ही ती गाडी वर काढली.

मग मोठी. तीच जागा, वीस कट्टे, मागे गिरणी, बाबांचा हात. मी थांबले. काठावर निम्मं गाव जमलं होतं. क्लच सोडला. गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी झाली आणि हळू, अगदी हळू, पुढे निघाली. घाई नाही, थरथर नाही. वर पोचून मी आरशात पाहिलं तर गिरणी माझ्या मागे शहाण्यासारखी उभी होती. उतरताना बाबांनी मला पुन्हा दोनदा थांबायला लावलं, कारण भरली गाडी ओढते तशी थांबतेही का, ते त्यांना पाहायचं होतं. थांबली.

सगळ्यात जास्त आनंद सेल्समनला झाला. त्याने आपली गाडी भरलेली कधी पाहिलीच नव्हती. तो खाली उतरून आधी टायरकडे, मग कट्ट्यांकडे बघत राहिला आणि मॅनेजरला फोन लावून म्हणाला, "सर, चढ़ गई."

मोठी गाडी घरी आली त्या दिवशी आईने तिला हळदीकुंकू लावलं आणि बाबांनी फाईल बंद करून कपाटात ठेवली. एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती, फाईलमध्येही नव्हती. गिरणी मागे लावून गाडी मागे घ्यायची कशी.

पहिल्याच गावात ते कळलं. एका चढत्या अंगणात गिरणी लावायची होती, हाताने ढकलून जमलं नसतं. मी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जायची, उजवीकडे फिरवलं की आणखीच भलतीकडे. गावातली माणसं चारी बाजूंनी हात हलवून मला मार्ग दाखवत होती आणि प्रत्येकाचा मार्ग वेगळा होता. एका आजींनी तुळशीवृंदावनाच्या पुढे येऊन पदर खोचला आणि त्या तिथून हलल्या नाहीत. नवव्या खेपेला मी इंजिन बंद करून खाली उतरले. हसू आवरत नव्हतं आणि हातही दुखत होते.

नवरा इतका वेळ गिरणीच्या चाकाकडे बघत उभा होता. तो म्हणाला, "सरक. मी पाहतो."

"तुम्ही तर हात लावत नाही ना?"

"रोडवर नाही म्हटलं होतं. हे अंगण होय."

तो चढला. क्लच-ब्रेक कुठे ते मी खिडकीतून सांगितलं. त्याने स्टेअरिंग इतकं थोडं फिरवलं की मला ते दिसलंही नाही, आणि गिरणी आपल्या पायांनी चालत गेल्यासारखी मागे मागे जाऊन भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. सहा वर्षं तो तिला हातांनी ढकलत होता. तिची चाकं कशाने कुठे वळतात ते त्याच्या अंगात मुरलेलं होतं. आजींनी पदर सोडला.

तेव्हापासून रस्त्यावर मी चालवते, आणि कुणाच्या अंगणाशी आलो की आम्ही जागा बदलतो. परवा एका गावात एका बाईने मला विचारलं, "तुमच्या घरी दोन ड्रायवर काहून?" मी सांगू लागले, पण तेवढ्यात नवऱ्याने आतून हाक मारली, तार लावायची होती, आणि ओट्यावर धान घेऊन सात-आठ जणी आधीच रांगेत बसल्या होत्या.