चिनी मिस्त्रीची अवस

वर्षातून एक दिवस चिनी मिस्त्री केरसुण्या चोरायचा. स्वतःच्या खोपटातली तर लपवायचाच, पण कुंपण ओलांडून आमच्या ओटीवरचीही उचलून न्यायचा. पहिल्या वर्षी माझी बायको कमरेला पदर खोचून त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भावजी, माझी केरसुणी द्या बघू. अंगणभर कोंबड्यांनी घाण करून ठेवलीय."

"आज नाही वहिनी. आज वर्षाचा पहिला दिवस. झाडलं तर घरात आलेलं नशीब बाहेर जातं."

"आमच्याकडे कधी आलंय ते, जायला?"

"म्हणून तर," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही रोज झाडता."

हा मिस्त्री खरोखरीचा चीनचा. एका मालाच्या आगबोटीवर सुतार होता. बोट रत्नागिरीला उभी असताना शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. कप्तानाने त्याला पडावात घालून किनाऱ्यावर उतरवलं आणि बोट निघून गेली. हाड बसलं, पण पाय आखूड राहिला. पुढे तो खाडीवरच्या आमच्या कारखान्यात शिडाचे मचवे बांधायला लागला. तिथला मुख्य सुतार मी. मला शाळा दोन यत्तांची, पण लाकडावर नुसता हात फिरवून ते कुठे फाटणार ते सांगायचो. माझ्या हाताखाली परका माणूस नको, असं मी मालकाला तोंडावर सांगितलं होतं. चौथ्या दिवशी मिस्त्रीने सागाच्या फळीवर असा रंधा मारला की मी मालकाकडे पुन्हा तक्रार नेली नाही. आमच्या कुंपणाला लागून त्याला खोपट बांधायला जागा दिली ती मीच. तो मला भाऊ म्हणायला लागला.

मिस्त्री जेवायचा उभ्याने. भाकरी हातात, डोळे कामावर. बस म्हटलं तर म्हणायचा, "बसलो की घर आठवतं." बसून जेवायचा तो वर्षातून एकदाच, त्याच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी. ती असायची अवस. त्या दिवशी तो दाराला लाल कागद लावायचा, त्यावर शाईने त्याची उभी अक्षरं काढायचा. डोक्याशेपटीसकट अख्खा सरंगा शिजवायचा. दिवेलागणीला चटई टाकून दोन वाडगे मांडायचा, एक स्वतःपुढे, एक समोर.

"समोर कोण?" मी पहिल्या वर्षी विचारलं.

"आई. तिथे ती पण मांडते. माझा वाडगा. लांब गेलेल्या माणसाला त्या संध्याकाळी घरात जागा असते. पण त्याने पण बसायचं असतं. नाहीतर ती एकटी जेवली, असं होतं."

घरून निघताना आईने त्याच्याकडून वचन घेतलं होतं ते एवढंच. पैसे पाठव म्हणाली नाही, लवकर ये म्हणाली नाही. त्या संध्याकाळी जिथे असशील तिथे बस, म्हणाली.

यात कामाचा एक घोळ होता. अवसेपुनवेला समुद्राला उधाण येतं, म्हणून नवा मचवा पाण्यात ढकलायचा तो त्याच दिवसांत. आणि सणाच्या पहिल्या दिवशी मिस्त्री करवत, पटाशी, धार असलेलं काहीच हातात धरायचा नाही. आम्ही दसऱ्याला हत्यारं पुजतो, हा त्यांच्याकडे पाठ फिरवून बसायचा. मालक तणतणायचा, "मिस्त्री, सण पुढे ढकल तुझा."

"चंद्राला सांगा मालक. तो ढकलेल तर मी ढकलतो."

बोटीवर त्याच्याकडे तारखांचा छापील कागद असायचा. इथे तो कुठून आणणार? मग तो मला विचारायचा. आमचंही पंचांग चंद्राचंच. पौषाची अवस ती तुझी, असं मी सांगितलं आणि पुढे घरून आलेल्या पत्राशी ते जुळलं. तेव्हापासून माझी मान ताठ झाली. जयगडापासून मंडणगडापर्यंत कुणाला ठाऊक नसेल ते मला ठाऊक होतं, चीनचं नवं वर्ष कधी लागतं ते.

मग एका उन्हाळ्यात पाठीवर रेशमाचं बोचकं घेतलेला एक चिनी फेरीवाला रत्नागिरीत आला. दोघं दुपारभर बोलत बसले. संध्याकाळी मिस्त्री माझ्याकडे आला.

"भाऊ, तो म्हणतो, सण महिनाभर पुढे जाणार, कारण या वर्षी आमचा एक महिना दोनदा येतो. तुमचा पण येतो?"

मी भटजींकडे गेलो. भटजी म्हणाले, "आपला अधिक पुढच्या वर्षी. चीनचं मला काय ठाऊक? त्याला म्हणावं, तुझ्या माणसांना पत्र घालून विचार."

पत्र घालायला वेळ भरपूर होता. पण भटजींचं शेवटचं वाक्य मी मिस्त्रीला सांगितलंच नाही. मी सांगितलं ते असं : "भटजी म्हणतात, अधिक पुढच्या वर्षी. चंद्र काय तुमचा वेगळा नि आमचा वेगळा? तो कापडवाला, त्याला काय कळतंय?"

मिस्त्री म्हणाला, "तू म्हणतो तर बरोबर."

पौषाची अवस आली. एक मोठा मचवा तयार होत आला होता, थोडे सांधे बुजवायचे तेवढे राहिले होते. मिस्त्रीने सुट्टी धरली, दोन वाडगे मांडले, बसून जेवला. मचवा काही त्या उधाणाला पाण्यात गेला नाही. मालकाने आम्हा दोघांना शिव्या दिल्या आणि पुढच्या अवसेचं उधाण धरलं. ती अवस शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आली. आपल्या सणापायी खोळंबा झाला हे मिस्त्रीच्या मनाला लागलं होतं. त्या अवसेच्या संध्याकाळी मी घरी निघालो तेव्हा तो मचव्याच्या पोटाखाली होता. सांध्यांत कापूस ठोकून वर डांबर भरत होता. एका हातात डांबराचा डबा, दुसऱ्या हातात कोरडी भाकरी. "तू जा, मी पुरं करतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला मचवा पाण्यात गेला. नारळ मी फोडला.

आंबे उतरवायच्या दिवसांत त्याच्या धाकट्या भावाचं पत्र आलं. हा भाऊ तिकडे शहरात मास्तर. आम्ही आंब्याच्या पेट्या ठोकत होतो. मिस्त्री फळ्यांच्या ढिगावर बसला आणि एकेक ओळ वाचून मला आमच्या बोलीत सांगायला लागला.

तिकडच्या नव्या सरकारने जुनं नवं वर्ष बंद केलं होतं. आता वर्ष धरायचं ते इंग्रजी जानेवारीपासून. सणाच्या दिवशी दुकानं जबरीने उघडी ठेवायला लावली, दारावरचे लाल कागद शिपायांनी फाडले. भावाला ते पटलेलं होतं. जुनं सोडल्याशिवाय देश उभा राहायचा नाही, असं त्याने लिहिलं होतं. आईने मात्र ऐकलं नाही. महिनाभर अंथरुणाला खिळलेली बाई त्या संध्याकाळी उठली. दाराला आतून अडसर घातला आणि वाडगे मांडले. मोठ्याच्या वाडग्यात माशाचा पोटाकडचा तुकडा घातला. मग धाकट्याला विचारलं, "तो आता बसला असेल ना?" धाकट्याचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी तो म्हणाला, "बसलाय, आई." पाचव्या दिवशी ती गेली.

भावाने मरणाची तारीख इंग्रजीतही घातली होती. कारखान्याच्या कारकुनाने ती पंचांगात बघून दिली. मिस्त्रीने बोटांवर मागे मोजलं. पुन्हा मोजलं. शिवरात्रीचा दुसरा दिवस.

"त्या संध्याकाळी मी उभा होतो," तो म्हणाला. "हातात भाकरी."

मी बोललो, "भटजी चुकले."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर उशिरा आला. लंगडत भटजींच्या घरी जाऊन आला होता. मला काही विचारलं नाही, हातोडा उचलून पेट्या ठोकायला बसला. दुपारी खिळे मागताना म्हणाला, "सुतार, खिळे दे." त्यानंतर भाऊ म्हणून हाक त्याने मला कधी मारली नाही. माझ्या बायकोला मात्र वहिनीच म्हणत राहिला.

सण त्याने सोडला नाही. फेरीवाल्याकडून टपालाने तारखांचा कागद मागवून भिंतीला लावला. त्या संध्याकाळी आता दार लोटलेलं असायचं. मलाही कुणाच्या दारात उभं राहायची सवय नाही, मी गेलो नाही. बायको जायची. तिने एकदा विचारलं, "भावजी, आई तर गेल्या. तिकडे सगळ्यांनी बंद केलं म्हणता. मग तुम्ही कशाला?"

"सरकारने दिवस बदलला वहिनी, आईने नाही बदलला. मी सरकारच्या पोटी नाही जन्मलो."

घरी येऊन तिने ते मला सांगितलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. "जा आणि एकदा बोला त्यांच्याशी," म्हणाली. मी जेवायला वाढ म्हटलं.

पुढे तिकडे जपानी फौजा उतरल्या आणि पत्रं बंद झाली. भावाचा पत्ता लागेना. एके दिवशी मिस्त्रीने मालकाला सांगितलं, मी जातो. लढाईत कुठे जातोस, केस पिकले तुझे, पाय असला, असं सगळ्यांनी सांगून बघितलं. तो म्हणाला, "भाऊ आहे की नाही ते तरी बघतो."

त्याची हत्यारांची पेटी बंदरापर्यंत मी खांद्यावरून नेली. त्याने नको म्हटलं नाही. मुंबईची आगबोट बाहेर उभी होती, पडाव माणसं भरत होता. तिथे माझ्या तोंडून एकदाचं निघालं.

"मिस्त्री, तेव्हा भटजी चुकले नव्हते."

"ठाऊक आहे. सात वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावरून पेटी उतरवून घेतली.

तो पोचला का, भाऊ भेटला का, काही कळलं नाही. पत्र आलं नाही. त्याने मला माफ केलं, असं इथे लिहिलं असतं तरी खोटं पाडायला कोण येणार होतं? पण तो तसं म्हणाला नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडी मी पुन्हा काही घालणार नाही. पडाव सुटल्यावर त्याने हात वर केला, तो खरा. पण माझ्या मागे माझी बायको उभी होती.