इयनच्या आजोबांचा सुरा

आधीच सांगतो, या ग्रुपवरचे अनुभव बायको मला वाचून दाखवायची आणि मी हसायचो. वडाचं झाड, उलटे पाय, पांढरी साडी... मला यातलं काही कधी पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही पटत नाही. पण दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात, भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात जे घडलं त्याचे सात टाके माझ्या डाव्या तळव्यावर पडले. म्हणून लिहितोय.

मी मूळचा ठाण्याचा. दुबईत अकरा वर्षं झाली, राहायला अल मनखूलला. आमचं ऑफिस देरा भागात, खाडीवर जिथे धाऊ नावाच्या लाकडी बोटी लागतात त्या धक्क्यापासून पाच मिनिटांवर. काम बोटींच्या दुरुस्तीचं. माझा सीनियर इयन, तेव्हा एकसष्ट वर्षांचा. स्कॉटलंडचा, ईशान्य किनाऱ्यावरच्या एका छोट्या मच्छीमार गावातला. उंच, लालसर, मितभाषी. पण गावाचा विषय निघाला की माणूस सुटायचा. तिथे अर्ध्या गावाचं आडनाव एकच, त्यामुळे प्रत्येक घराला, प्रत्येक माणसाला टोपणनाव. बोटीवर कोणी चुकून डुक्कर हा शब्द उच्चारला तर अपशकुन नको म्हणून सगळे लोखंडाला हात लावायला धावायचे. मी म्हणायचो, आमच्या कोकणातही असलंच काहीतरी असतं. तो म्हणायचा, समुद्र एकच आहे रे.

त्याचे आजोबा हेरिंग मासे धरायला जायचे. आजोबांचा धाकटा भाऊ तरुणपणीच वादळात लाटेबरोबर गेला, प्रेत मिळालं नाही. ही गोष्ट मी दहा वेळा ऐकली असेल. कायम तेवढीच, दोन वाक्यांत.

त्या वर्षी इयनची आई वारली आणि त्याच्या बहिणीने आजोबांची लाकडी पेटी इकडे पाठवून दिली. पेटीच्या झाकणाची बिजागरी तुटली होती.

आता दत्ताराम. आमच्या यार्डातला सुतार, गुहागरकडचा, वय चाळीसच्या आसपास. अत्यंत गरीब स्वभावाचा माणूस. यार्डात पाकिस्तानी फोरमन त्याच्यावर ओरडायचा तेव्हा हा खाली बघून हसायचा. इंग्रजी म्हणजे 'यस सर' आणि 'नो प्रॉब्लेम'. इयनशी त्याचं आयुष्यात कधी बोलणं झालं नव्हतं. उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं काम बंद ठेवावं लागतं, म्हणून मीच त्याला ऑफिसात बोलावलं – दत्ताराम, तेवढी बिजागरी बसवून दे.

अडीच वाजले असतील. ऑफिसात आम्ही तिघंच. दत्ताराम जमिनीवर बसून स्क्रू पिळत होता. इयन टेबलावर एकेक वस्तू काढून ठेवत होता – निळा लोकरीचा जाड स्वेटर, एक फोटो, आणि तेलकट कापडात गुंडाळलेला सुरा. वीतभर पातं, लाकडी मूठ काळी पडलेली. मासे साफ करायचा असावा.

दत्ताराम उठून उभा राहिला. "साहेब, चांगलं लोखंड आहे. बघू का?"

मी इयनला विचारलं, त्याने मान हलवली. दत्तारामने सुरा उचलला, पात्यावरून अंगठा फिरवला... आणि थांबला. मला वाटलं उन्हाने चक्कर आली. तो इयनकडे बघत होता. मग तो बोलला.

आवाज त्याचा नव्हता. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. भाषा मराठी नव्हती, हिंदी नव्हती, आणि माझ्या ओळखीची इंग्रजीही नव्हती. इयन बहिणीशी फोनवर ज्या खरखरीत बोलीत बोलायचा ना, तसं काहीतरी. मला एकच शब्द नीट कळला, कारण तो तीनदा आला – 'स्कॉरी'.

इयनचा चेहरा पांढराफटक पडला. तो मागे सरकायच्या आत दत्तारामने त्याचं उजवं मनगट धरलं, हात टेबलावर आपटला आणि सुरा खाली आणला. हाडाचा आवाज मी ऐकला. करंगळी टेबलावरून घरंगळत फाइलींवर जाऊन पडली. इयनची किंकाळी बाहेर पडायच्या आत दुसरा घाव बसला, शेजारच्या बोटावर. तिसऱ्या घावाच्या मध्ये मी हात घातला आणि माझा तळवा फाटला.

दुसऱ्या हाताने मी दत्तारामचं मनगट पकडलं. मित्रांनो, बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं, आणि ते मनगट बर्फाच्या लादीसारखं गार होतं. त्याने मला एका झटक्यात कपाटावर फेकलं. साठ किलोचा माणूस तो, मी नव्वदचा. चौथा घाव टेबलाच्या लाकडात रुतला, तेवढ्यात मी खुर्ची उचलून त्याच्या पाठीत घातली. तो पडला नाही. दुसऱ्यांदा डोक्यात घातली, तेव्हा कोसळला.

मग तो कुडकुडायला लागला. दात वाजत होते, ओठ निळे. दोनेक मिनिटांनी डोळे उघडले, स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि मराठीत म्हणाला, "साहेब, हे रक्त कोणाचं? काय झालं?"

मी त्याला आतल्या स्टोअररूममध्ये कोंडलं आणि इयनला टॅक्सीत घातलं. टॉवेल रक्ताने भिजून जड झाला होता, ड्रायव्हर मोठ्याने अल्लाचं नाव घेत होता. आणि इयन मला विचारतोय, "तो काय म्हणाला ते ऐकलंस ना?"

"स्कॉरी असं काहीतरी."

"माझ्या आजोबांचं टोपणनाव," तो म्हणाला. "तिकडे समुद्रपक्ष्याच्या पिल्लाला म्हणतात. मी ते नाव या देशात कधी तोंडातून काढलेलं नाही." मग म्हणाला, "तो म्हणत होता – स्कॉरी, मला वर घे. हात गोठलेत माझे."

हॉस्पिटलमध्ये पोलीस आले. दत्तारामवर गुन्हा दाखल झाला असता तर जेल, मग डिपोर्ट, खलास. गावी बायको, दोन मुली. मी काही बोलायच्या आत इयननेच सांगितलं की पेटी उघडताना सुरा निसटला, हा मला वाचवायला गेला आणि त्यालाही लागलं. पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. खोटं बोललो, कबूल करतो. त्यांनी किती विश्वास ठेवला देव जाणे, पण सही घेऊन गेले.

दोन बोटं गेली ती गेलीच. आठवड्याने इयनने मला घरी बोलावलं आणि गावातल्या म्हाताऱ्या मावशीला फोन लावला. मावशी म्हणजे त्याच्या आईची चुलत बहीण – लाटेत गेलेल्या त्या धाकट्या भावाची मुलगी. नव्वदीला टेकलेली. फोन स्पीकरवर होता. इयनने तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

मग ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

पुढचं तिनेच सांगितलं. लाट वगैरे काही नव्हती. भर समुद्रात दोघा भावांचं भांडण झालं. कशावरून, ते कुणालाच माहीत नाही. धाकटा पाण्यात पडला, पण त्याने बोटीचा कठडा धरला होता. मोठ्याने त्याला वर घेतलं नाही. सुरा घेऊन बोटांवर घाव घातले, हात सुटेपर्यंत. बोटीवरच्या तिसऱ्या माणसाने हे मरताना तिच्या आईला सांगितलं होतं.

"शेजारीच राहायचो ना आम्ही," मावशी म्हणाली. "स्कॉरी म्हातारा होईपर्यंत रोज आमच्या दारात मासे ठेवून जायचा. आई ते मांजरांना घालायची. त्याला एका शब्दाने बोलली मात्र कधी नाही."

इयन डाव्या हाताने तोंड झाकून बसला होता.

दत्ताराम अजून आमच्याच यार्डात आहे. त्याला त्या दुपारचं बिजागरीच्या पुढचं काहीच आठवत नाही. कंपनीच्या डॉक्टरने त्याला तपासलं, फिट येते का बघितलं. काही निघालं नाही. बायको म्हणते एकदा नारायण नागबळी करून घ्या. मी म्हणतो, कोणाचा करू? सुऱ्यातलं ते दत्तारामलाच का लागलं, सुरा इतकी वर्षं इयनच्या आईच्या घरात असूनही तिथे कुणाला काही का झालं नाही, गुहागरच्या सुताराच्या तोंडून ती बोली कशी आली – माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा.

फोन ठेवायच्या आधी मावशीने विचारलं होतं, तिथे हजर होता तो दुसरा माणूस आहे का? मी पुढे होऊन हॅलो म्हणालो.

"वडील गेले तेव्हा मी पाच महिन्यांची होते," ती म्हणाली. सावकाश बोलत होती, मला कळावं म्हणून. "तू ऐकलंस त्यांना. आवाज कसा होता रे?"

मी खरं तेच सांगितलं. "तरुण होता," म्हटलं. "खूप तरुण."