शर्यत बघायला एरंडेल

परवा नातीच्या केसांना एरंडेल लावताना तो जड वास आला आणि मी ऐंशीच्या दशकातल्या सानपाडा गावातल्या आमच्या ओटीवर जाऊन पोचले.

दादा पिशवी भरत होता. "शनवार-रयवार पुन्याला चाललो हाय. मोटारसायकलच्या शर्यती बघायला."

आयनं पिशवीत हात घातला, तर एरंडेलाची बाटली निघाली. तिनं बूच काढून वास घेतला. "शर्यत बघायला एरंडेल कशाला रं?"

"पोट बिघडलं तर," दादा भिंतीकडं बघत म्हणाला.

शर्यतीत उतरणारे पेट्रोलमध्ये एरंडेल मिसळतात, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं आणि आयलाही. पण महिनाभर दादाचे कपडे धुताना तिला हाच वास येत होता, जळका होऊन. तिनं त्याच्याकडं रोखून पाहिलं, बाटली परत ठेवली आणि शेजारी हळदीची पुडी खोचली. आय फसली, असं वाटून मी चिडले होते.

रविवारी संध्याकाळी दादा परतला. कोपरापासून मनगटापर्यंत हात पिवळाजर्द.

आयनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "कुठं बसून बघितलीस रं शर्यत?"

"लय जवळून, आये."