घरचा माणूस मागे

दुसरं महायुद्ध संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या जुन्या जीपगाड्या लिलावात निघाल्या. त्यातली एक माझ्या मित्राने घेतली. त्याच्या घरची ठाण्याच्या खाडीवर मिठागरं होती. मी डोंबिवलीहून ठाण्याच्या शाळेत यायचो, तेव्हापासून आम्ही एका बाकावरचे. पुढे मी कारकून झालो आणि तो मिठागरं बघू लागला, तरी रविवार आमचा असायचा. मलंगगडाच्या पायथ्याच्या बैलगाडीवाटांवर, जिथे बैलही थबकायचे, तिथे तो एक दांडा ओढायचा आणि चारही चाकं जोर लावायची. त्याच्या शेजारची जागा माझी. ती कोणी मला दिली नव्हती, पण दुसऱ्या कोणाची ती असू शकेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग एकदा जीप बिघडली आणि कल्याणच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी पोराने ती दुरुस्त केली. आमच्याच वयाचा होता. सिंधमध्ये वाळवंटाच्या कडेला वाढलेला, उंच, आणि हसला की समोरच्यालाही हसायला लावणारा. महिन्याभरात माझा मित्र त्याचे शब्द बोलायला लागला. 'नव्याचे नऊ दिवस,' मी स्वतःशी म्हटलं. नऊ दिवस कधीच उलटून गेले.

कच्छच्या छोट्या रणात मीठ कसं पिकवतात ते पाहून ये, असं मित्राला त्याच्या वडिलांनी सांगितलं, आणि आम्ही तिघे जीपने निघालो. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर मी नेहमीसारखा पुढे चढलो.

"अरे, तू मागं बस ना," मित्र म्हणाला. "त्याला वाट दिसाया पाहिजे. आनि तू काय, घरचाच."

आमच्याकडे घरचा माणूस पंगतीला शेवटी बसतो, त्याला उरलेलं वाढतात, आणि त्याने ते मानाचं समजायचं असतं. मी ते समजलो आणि पेट्रोलच्या डब्यांमध्ये पाय दुमडून बसलो. सगळ्या गुजरातभर मी त्या दोघांच्या मानांकडे पाहत होतो. धूळ सगळी मागे येत होती. वाळू लागली की तो कॅम्पवाला उडी मारून चाकांतली हवा थोडी कमी करायचा, आणि जीप लोण्यातून जावी तशी जायची. मित्र माझ्याकडे वळून म्हणायचा, "बघितलंस?" बघितलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. वाळूचे ते सुंदर, रिकामे रस्ते मी पोटात दुखत असताना पाहिले.

रणात पोचलो तेव्हा समोर नजर पोचेल तिथवर पांढरं. कॅम्पवाला म्हणाला, "सीधा नको. कडेला झाडी आहे ना, तिथं जमीन घट्ट, तिकडून बाजूने जाऊ."

"मना नको शिकवूस," मित्र हसत म्हणाला. "मिठावर चालाया शिकलेला मानूस हाय मी."

त्याचं चुकलं ते इथेच. खाडीवरच्या मिठागरांत पाणी घेण्याआधी माणसं पायांनी तुडवून तुडवून तळ घट्ट करतात. तिथे मिठाखाली फरशीसारखी जमीन असते. रणाचा तळ कोणी तुडवला होता? शे-दोनशे हात गेलो आणि पांढरा पापुद्रा फुटून जीप काळ्या चिखलात बसली. त्याने नव्या दोस्ताचं ऐकलं नाही याचा मला इतका आनंद झाला, की आपण अडकलोय हे कळायला वेळ लागला.

मागे फिरून झुडपं तोडून आणली, चाकांखाली घातली. मी तिघांत किडकिडीत, म्हणून मला स्टिअरिंगवर बसवलं आणि ते दोघे ढकलायला उतरले. मला गाडी जेमतेम यायची. दांडा ओढला, जीप थरथरली, आणि एकदम सुटली.

"थांबू नको!" दोघे मागून ओरडले.

मी कठीण जमिनीवर जाऊन थांबलो. ती गाडी मी काढली होती, मी! मागे वळून पाहिलं, तर डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेले ते दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, हसत, सावकाश चालत येत होते. कोण कोणता ते लांबून ओळखू येत नव्हतं.

"काढलीस रे वाघा!" मित्राने माझ्या पाठीत धपका मारला. "आता तूच चालव. आमी चिखलानं भरलोय, मागं बसतो."

ते मागे चढले. मी झाडीच्या कडेने जीप चालवू लागलो, शेजारची जागा रिकामी. मागे ते काहीतरी बोलत होते आणि पुन्हा पुन्हा हसत होते. इंजिनाच्या आवाजात मला एकही शब्द ऐकू येत नव्हता.