सिलेनच्या शेडमधला उस्ताद

गोपीनाथ शिगवणचा हात आधी बोलायचा, तोंड मागून. अल क्वोजमधल्या त्या केमिकलच्या गोदामात त्याच्या हाताखाली राबलेल्या प्रत्येकाच्या कानशिलाशी त्या हाताची ओळख झालेली होती. या आखाती देशात कामगारावर हात उचलला तर पोलीस दारात येतात, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण तक्रार करायला कुणी गेलं नाही. उस्ताद मारतो, तसाच रमजानमध्ये सगळ्यांसाठी फळांच्या पेट्या आणतो, कुणी तापाने फणफणला तर स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेतो, असं माणसं एकमेकांना समजावत राहिली. मार खाणारे स्वतःची अशी समजूत काढतात आणि मारणाऱ्याला तेच हवं असतं.

गोदाम शैलेंद्र कर्णिकांचं. इमारतींच्या भिंतींत पाणी मुरू नये म्हणून जी रसायनं लावतात, ती बनवणाऱ्यांना कच्चा माल पुरवायचा हा त्यांचा धंदा. त्या मालातला सगळ्यात खुनशी म्हणजे क्लोरोसिलेन. शेडमध्ये सगळे त्याला नुसतं सिलेन म्हणत. दिसायला पाण्यासारखंच, आणि पाण्याशीच त्याचं उभं वैर. बंद ड्रममध्ये चार थेंब पाणी गेलं तरी आत उष्णता आणि आम्लाचा वायू असा काही उसळतो की पत्र्याचा ड्रम टरकन फाटतो. बाहेर सांडलं तर हवेतल्या दमटपणावरच पांढरा धूर सोडतं, आणि तो धूर छातीत गेला की माणूस आतून भाजतो. ठिणगी पडली तर पेटतं ते वेगळंच.

गोपीनाथने हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. खेडजवळच्या कारखान्यात तो नवा असताना त्याच्या सोबत्याने धुतलेला पाइप नीट न वाळवता टाकीला जोडला होता. टाकी फुटली. सोबती वाचला नाही, आणि जाईपर्यंत त्याने जो श्वास ओढला त्याचा आवाज गोपीनाथच्या कानातून कधी गेला नाही. त्या दिवसापासून सिलेनच्या आसपास पाण्याचा थेंब दिसला की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या आगीच्या मुळाशी भीती होती, निव्वळ भीती. पण भ्यायलोय असं म्हणायची त्याला लाज वाटे, म्हणून तो मारायचा.

शेडच्या बाहेरच्या भिंतीला सेफ्टी शॉवर होता. अंगावर काही सांडलं तर खाली उभं राहायचं, दांडा ओढायचा, की धो धो पाणी. उन्हाळ्यात पोरं त्याच्याखाली गंमत म्हणून डोकं भिजवायची आणि ओल्या कपड्यांनी शेडमध्ये यायची. गोपीनाथने एकाला तिथेच लोळवलं, आणि मग शॉवरचा दांडा जाड तारेने बांधून टाकला. गरज लागली तर सोडता येईल, असं तो स्वतःशी म्हणाला. तपासणीला कुणी यायचं असलं की तार सोडायचा, ते गेले की पुन्हा बांधायचा.

खंडेनवमीला कर्णिक दरवर्षी शेडमध्ये पूजा घालत. फोर्कलिफ्टला झेंडूची माळ, पंपांना हळदकुंकू, सगळ्यांना पेढे. यंदा त्यांनी आदल्या संध्याकाळीच फर्मान सोडलं, की प्रत्येक वस्तू चकाचक दिसली पाहिजे. फोर्कलिफ्ट चालवायचा गनी. पेशावरकडचा, अंगाने दणकट, स्वभावाने गरीब. ड्रमच्या दोन रांगांमधून तो गाडीचे काटे असे नेई की पत्र्याला ओरखडा येत नसे. नजर म्हणावी तर गनीची. पूजा आपली नसली तरी मालकाची आहे, म्हणून त्याने मनापासून सगळं धुतलं. फोर्कलिफ्ट धुतली, पंप धुतला, आणि सिलेन भरायचा पाइपही आतून-बाहेरून धुऊन खिळ्याला टांगला.

सकाळी गोपीनाथने पाइपच्या तोंडातून ठिबकणारं पाणी पाहिलं आणि तोच पाइप उचलून गनीला झोडपायला सुरुवात केली. पाठीवर, दंडावर, मांड्यांवर. गनी खाली बसला तरी थांबला नाही. पाइपची पितळी कडी ओठावर बसून ओठ फाटला, झेंडूच्या पाकळ्यांवर रक्त सांडलं. कर्णिक हातात तबक घेऊन उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं आणि निरांजनाची वात सारखी केली. फरदीन म्हणून फिलिंगला एक पोरगेला इराणी होता, तो मध्ये पडायला गेला तर त्यालाही एक बसली.

मग गोपीनाथने सगळ्यांना रांगेत उभं केलं. एकेकासमोर जाऊन मुस्काटात मारायची आणि विचारायचं, "सिलेन के पास क्या नहीं?" समोरच्याने म्हणायचं, "पानी नहीं, उस्ताद." गनीकडून त्याने ते तीनदा म्हणून घेतलं. पाणी का नाही, आणि कधी हवंच, यातलं अवाक्षर त्याने उच्चारलं नाही.

घरी, अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये, मीनाक्षीने त्याची सुजलेली बोटं पाहिली. परदेशात राहायचं तर हात आवरा, असं तिने पूर्वी पुष्कळदा सांगून पाहिलं होतं. या वेळी ती एवढंच म्हणाली, "अहो, एक दिवस तुमच्यामुळे आपल्याला बाडबिस्तरा गुंडाळावा लागेल. पर्णिकाचं शेवटचं वर्ष आहे शाळेचं."

पर्णिकाने वहीतून मान वर न करता म्हटलं, "बाबा, यू कुड जस्ट एक्सप्लेन इट."

समजावलेलं दुसऱ्या दिवशी विसरतात, मारलेलं जन्मभर लक्षात राहतं, असं त्याने पोरीला सुनावलं आणि ताट पुढे ओढलं. हे मात्र त्याचं शंभर टक्के खरं निघालं.

दसरा होऊन गेला तरी ऊन भाजतच होतं. शारजाहून यायचा ट्रक रखडला आणि सिलेनचे ड्रम अंगणात उन्हात पडून राहिले. गोपीनाथ त्यांना सावलीत हलवा म्हणून ओरडत होता, कर्णिक फोनवरून यल्ला यल्ला, चला चला करत होते, की ट्रक वळणावर आहे, तिथेच राहू द्या. दुपारी ट्रक आला तेव्हा ड्रमची झाकणं फुगलेली होती. गनीने ड्रम रचलेला पहिला पॅलेट उचलला. कडेचा ड्रम सरकला, काट्यांवरून कोलमडला आणि तोंडावर आपटला. बूच उडालं. आतल्या दाबाने सिलेनची धार सरळ गनीच्या चेहऱ्यावर आणि छातीवर आली.

गनी किंचाळला ते कुठल्या भाषेत, कुणाला कळलं नाही. गाडीतून तो खाली कोसळला. त्याच्या कपड्यांतून पांढरा धूर निघत होता. गोपीनाथने धावत जाऊन फोर्कलिफ्टची चावी फिरवली, इंजिन बंद केलं, आणि ओरडला की सगळे वारा येतोय त्या बाजूला पळा. मग नाकाला फडकं लावून तो धुरात शिरला, गनीला पट्ट्याला धरून त्याने बाहेर खेचलं आणि शॉवरच्या दिशेने फरफटत नेलं.

शॉवर दिसला मात्र, गनी पिसाळला. बाजूच्या लोखंडी खांबाला त्याने दोन्ही हातांनी मिठी मारली. "पानी नहीं," तो ओरडत होता. "पानी नहीं, उस्ताद, पानी नहीं."

अंगावर सिलेन पडलं तर पहिलं औषध पाणीच. कपडे फाडायचे आणि पाण्याचा लोट सोडायचा, डोळे उघडे ठेवून धुवत राहायचं. बंद ड्रमला जे विष, तेच माणसाला तारतं. गोपीनाथला हे खेडच्या कारखान्यापासून पाठ होतं. आता ते सांगायला ना वेळ होता, ना गनीला ऐकू येत होतं. त्याने गनीच्या बोटांवर बुटाची टाच हाणली. पकड सुटेना. त्याने बरगडीत गुद्दा घातला, मग जबड्यावर. बोटं सुटली तसा गनी रांगत उलट्या बाजूला, चक्क धुराच्या बाजूला पळायला लागला. गोपीनाथने त्याला पायाला धरून मागे ओढलं आणि छातीवर गुडघा रोवला.

एका हाताने त्याने शॉवरचा दांडा ओढला. दांडा हलला नाही. तारेचे पीळ त्याने स्वतःच पक्कडीने आवळले होते. पक्कड शेडमध्ये होती. तो उभा राहून नखांनी, दातांनी तार उलगडत राहिला, तळवा फाटून हाडापर्यंत गेला. खाली गनी डोळे चोळत होता आणि चोळू नको म्हणून गोपीनाथ त्याच्या मनगटावर लाथा मारत होता. बाकीची माणसं लांब उभी राहून पाहत होती. त्यांच्या पायाशी अंगणातल्या झाडांना पाणी घालायचा नळ होता, त्याला लांबलचक पाइप लावलेला होता, आणि कुणीही त्याला हात लावला नाही. गोपीनाथने ओरडून पाणी मागितलं, तेव्हा ते आणखी मागे सरले.

फरदीनला वाटलं, उस्ताद आता गनीचा जीवच घेतोय. त्याने मागून येऊन गोपीनाथच्या गळ्याला हात घातला. गोपीनाथने डोकं मागे आपटून त्याचं नाक फोडलं. त्याच झटक्यात तार तुटली.

पाइपमध्ये दुपारभर तापलेलं पाणी चटका बसेल इतकं गरम आलं. गनीने दात रोवून गोपीनाथचा दंड फाडला. गोपीनाथने त्याचा सदरा टराटरा फाडला, डोकं जमिनीला दाबून धरलं, दोन बोटांनी एकेक पापणी उघडली आणि ते पाणी डोळ्यांत सोडत राहिला. पाणी निवलं, मग थंड झालं. गनीची धडपड हळूहळू थांबली. रुग्णवाहिका आली तेव्हाही गोपीनाथ त्याच्या छातीवर बसलेला होता आणि हुंदके देऊन रडत होता. त्याला तसं रडताना त्या शेडमध्ये आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर उमैमांनी सांगितलं की उजव्या डोळ्याला थोडं दिसेल, इन्शाल्ला, डावा गेला. छातीवरच्या जखमा भरून येतील. मग त्यांनी विचारलं, पाणी मिळायला इतका उशीर का झाला? लगेच मिळालं असतं तर दोन्ही डोळे राहिले असते. गोपीनाथने फाटलेला तळवा मुठीत मिटून घेतला.

बाहेर तपासाचा अधिकारी येऊन बसला होता. कर्णिकांनी गोपीनाथला जिन्याजवळ गाठलं. "गोपी, कॅमेऱ्यात सगळं आलंय. तू त्याला ओढतोयस आणि तो पाण्यापासून पळतोय. इन्स्ट्रक्शन पाळल्या नाहीत, पॅनिक झाला. तेवढंच सांग, खलास. तार त्यात दिसत नाही, राहिलेली मी काढून टाकलीय." बोलता बोलता त्यांनी पर्णिकाच्या शाळेची चौकशी केली. गोपीनाथला त्याचा अर्थ बरोबर समजला. खरं बोललं तर व्हिसा जाणार, कदाचित तुरुंगही, आणि मीनाक्षी आणि पोर महिन्याभरात विमानात. खोटं बोललं तर तो माणूस वाचवणारा उस्ताद. त्याचं मन खोट्याकडे झुकलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. अधिकाऱ्याकडे जाण्याआधी गनीला एकदा बघून येतो, असं म्हणून तो आत गेला.

गनीच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. गोपीनाथने हलकेच नाव घेतलं, त्याबरोबर गनीचे दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे आले.

"उस्ताद, ड्रम मेरे से गिरा, मानता हूं," तो घशातून खरखरत म्हणाला. "लेकिन पानी मैंने नहीं डाला. मैं तो पानी से भागा. सब से पूछ लो."

गोपीनाथ खाटेच्या कडेला बसला. त्याने जे खंडेनवमीला सांगायला हवं होतं ते आता सांगितलं, हळू, समजावून, लहान मुलाला सांगावं तसं. ड्रमला पाणी म्हणजे मरण. पण अंगावर पडलं तर पाणी म्हणजे औषध, धावत जाऊन घ्यायचं. मी तुला मारत नव्हतो, तुला धुवत होतो.

गनीने हात खाली घेतले. "ये आपको पहले से मालूम था?"

"हां."

गनीने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याने शिवी दिली असती, थुंकला असता, तर गोपीनाथला झेपलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी आपल्याला बडवून काढावं असं वाटत होतं, आणि तिथे कुणी बोटही उगारणारं नव्हतं. तो उठला आणि बाहेर गेला.

कर्णिक अधिकाऱ्याच्या शेजारी बसून मान डोलावत होते. गोपीनाथ समोर उभा राहिला. शॉवरचा दांडा मी बांधला होता, तार यांनी आज काढली, असं त्याने सांगितलं. पूजेच्या दिवशी पाइपने मारलं तेही सांगितलं, कुणाला किती हेही. कर्णिकांनी त्याची बाही ओढली. अधिकाऱ्याने विचारलं की कॅमेऱ्यात तो माणूस पाण्यापासून का पळतोय, त्याला ट्रेनिंग दिलेलं नव्हतं का?

"दिया था," गोपीनाथ म्हणाला. "मैंने ही दिया था, मार मार के. उसने एकदम वैसा ही किया."