गुरुवारच्या बायकांची खोली

अंगणात पोहायचा तलाव नाही असं घर खाडीकाठच्या ला बे गावात शोधून सापडायचं नाही. जेमतेम दोन महिने पोहायचं आणि उरलेलं वर्ष त्यावरचं बर्फ बघत बसायचं, पण हौसेला मोल नसतं. म्युरिएल गिरारचा तलाव मात्र नुसत्या हौसेचा नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर तिला घर खायला उठलं, तेव्हा तिने शेजारच्या पाच-सहा बायका गोळा केल्या. दर गुरुवारी पाण्यात उतरून गुडघ्यांचा व्यायाम करायचा, आणि तोंडाचा त्याहून जास्त. गावातल्या सुनांच्या खबरा तिथे आधी पोचायच्या, चर्चमध्ये नंतर.

घोडं पेंड खात होतं ते खाडीवरच्या वाऱ्यापाशी. पाण्यातून बाहेर आलं की भर जुलैत दात वाजायचे. गेल्या उन्हाळ्यात ऐंशी ओलांडलेल्या फर्नांदबाई ओल्या अंगाने गप्पा मारत बसल्या आणि छाती भरून अंथरुणाला खिळल्या. त्यांची लेक जिनेत तणतणत आली. कपडे बदलायला ऊबदार जागा असेल तरच आई येईल, नाहीतर तिचं येणं बंद, असं बजावून गेली. फर्नांदबाई नाहीत म्हटल्यावर बाकीच्याही गळणार, हे म्युरिएलला पक्कं ठाऊक होतं. सगळ्या त्यांच्याच किश्शांसाठी तर यायच्या.

म्हणून तलावाकाठी एक छोटी खोली बांधायची ठरली. म्युरिएलकडे साठवलेले बारा हजार डॉलर होते. तेवढ्यात खोलीच काय, खिडकीला नक्षीचा पडदाही होईल असा तिचा हिशेब. मग फेब्रुवारीत ठेकेदार आला. ब्लूबेरी भरून भाजलेल्या 'पाय'चे दोन तुकडे हाणून त्याने सांगितलं, की इथली जमीन माणसाच्या उंचीइतकी खोल गोठते. पाया त्याच्याही खाली न्यायला हवा, नाहीतर वसंतात जमीन वितळून हलली की खोली वाकडी होऊन दारच लागायचं नाही. शिवाय छपराने छातीभर बर्फ पेलायला हवं. या दोन गोष्टींतच बारा हजार संपत होते. भिंती अजून कागदावरही आल्या नव्हत्या.

मग काटछाट सुरू झाली. म्युरिएलने खिडकी खोडली, नळ खोडला, लाकडी फरशी खोडली. शेवटी उरलं ते कोंबड्यांचं खुराडं, तेही परवडेना. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

नवऱ्याला, रेआलला, विचारावं तर तो जाग्यावर असेल तर ना! आयुष्यभर रस्त्यावरचं बर्फ काढणारी गाडी चालवलेला हा बाबा निवृत्त होऊन पुन्हा बर्फावरच जाऊन बसला. खाडी गोठली की तो आणि त्याचे तीन दोस्त बर्फाला भोक पाडून गळ टाकायचे, आणि त्या भोकावर रेआलच्या वडिलांनी बांधलेली लाकडी झोपडी. जाड भिंती, बाक, लोखंडी शेगडी, खाली बर्फावरून ओढायच्या पट्ट्या. मार्चमध्ये ती ओढून आणायची आणि डिसेंबरपर्यंत गराजमागे कुलूप लावून ठेवायची. बायकांनी तिच्यात पाऊल टाकायचं नाही, असा कायदा नव्हता, पण टाकलं नव्हतं कुणी.

ईस्टरच्या जेवणाला फर्नांदबाईंना बोलावलं होतं. म्युरिएलने त्यांच्या ताटात हॅम वाढलं आणि मान खाली घालून खोली रद्द झाल्याचं सांगितलं. म्हणजे गुरुवारही रद्द. फर्नांदबाईंनी पाया किती, छप्पर किती, सगळं विचारून घेतलं आणि पावाने ताट पुसलं.

"पोरी, खोली हवी उन्हाळ्याला, आणि तू खर्च करतेयस हिवाळ्याचा," त्या म्हणाल्या. मग रेआलकडे वळल्या. "काय रे, तुझी ती झोपडी उन्हाळ्यात कुठले मासे धरते?"

रेआलने काटा खाली ठेवला. झोपडीला माशांचा वास येतो म्हणाला, वडिलांची आठवण आहे म्हणाला, दोस्त काय म्हणतील तेही म्हणाला. म्युरिएल भांडली नाही.

"तू तीन महिने बर्फावर जातोस. मी कधी विचारलं, किती मासे आणलेस?" ती म्हणाली. "मला माहितीये, तू माशांसाठी जात नाहीस. मीही या बायकांना पोहायला बोलावत नाही रे."

रेआल बराच वेळ कॉफी ढवळत बसला. साखर तर तो घेतच नाही.

"ट्रॅक्टर आणावा लागेल," तो शेवटी म्हणाला.

बर्फ वितळून अंगण सुकल्यावर झोपडी तलावाकाठी आली. दोस्तांनी चिडवायचं तेवढं चिडवलं, पण खांदाही लावला. पायाचा प्रश्नच नव्हता, हिवाळ्यात ती जागेवर असणारच नव्हती. बायकांनी ती व्हिनेगरने तीनदा घासली. खुंट्या, पडदा आणि धुराड्याची सफाई मिळून दोनशे डॉलरसुद्धा लागले नाहीत. वास थोडा राहिलाच, पण माशांना नावं ठेवणाऱ्या बायका ला बेमध्ये राहत नाहीत.

जूनच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी जिनेतचा फोन आला. आई अजून घरी कशी नाही, पुन्हा गारठली की काय? कॉफी करायला घरात आलेली म्युरिएल धावत जाऊन झोपडीचं दार उघडते तो काय, फर्नांदबाई टॉवेल गुंडाळून, शेगडीकडे पाय करून बसलेल्या, गाल लाल, किस्सा ऐन रंगात, आणि बाकीच्या पोट धरून हसताहेत.

ती फोनपाशी परतली.

"तुझी आई ठणठणीत आहे गं," ती म्हणाली. "पण यायला तयार नाही. किस्सा संपला की पाठवते."

आणि फोन ठेवून ती उरलेला किस्सा ऐकायला पळाली.